उपाशी वाफा

प्रिय ढेकळ्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरला असशील तर आधी खाली बस. मला काही झालेलं नाही. ताप नाही, खोकला नाही, नोकरीही शाबूत आहे, उलट जरा जास्तच शाबूत आहे, ते पुढे येईलच. फोन हाताशी असताना ही बया पत्र कशाला लिहिते, असं तू म्हणणार. अरे, फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? घरात रेंज येत नाही म्हणून दर रविवारी शेडमागच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहतोस आणि सुरू होतोस. मोटर जळाली होती, भरून आणली. गाय गाभण आहे. मक्यावर अळी दिसतेय पण फार नाही. पाऊस पडला, पण बादलीचा तळ ओला होईल एवढाच. मग विचारतोस, तुझे प्रयोग काय म्हणतायत. मी सांगते. मग वारा सुटतो, आवाज तुटायला लागतो आणि तू 'बरं, ठेवतो' म्हणून मोकळा होतोस. इतक्या वर्षांत तिथून तू मला एकदाही म्हणाला नाहीस की आता घरी ये. मी दर रविवारी तेवढंच ऐकायला फोन कानात खुपसून बसते. लाज वाटते सांगायला, पण बसते.

आत्ता दुपार आहे आणि मी नमुन्यांच्या खोलीत बसलेय. तू पाहिलीयस ही खोली. एका भिंतीला तो मोठा ओव्हन, समोर लांब टेबल, त्यावर वजनकाटा, कागदी पिशव्या, चिठ्ठ्या आणि सुतळीचे गुंडे. गव्हाचे नमुने सुकायला ठेवलेत. वजन उतरायचं थांबेपर्यंत ते काढायचे नाहीत, म्हणून मला इथून हलता येत नाही आणि म्हणूनच तुला एवढं लांबलचक लिहिता येतंय. खिडकीतून आमच्या संशोधन केंद्राचं सगळं प्रक्षेत्र दिसतं. सारखे वाफे, मधे सारख्या वाटा, प्रत्येक वाफ्याला खुंटी आणि खुंटीला पाटी. दिसतं मोठं देखणं. पण कोणाचंच नसल्यासारखं दिसतं, हे मला अलीकडेच जाणवायला लागलंय.

संचालक या महिनाअखेरीला निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागेसाठी मुख्य कार्यालयाने माझं नाव कळवलंय, हे तुला मागच्या रविवारी सांगितलं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय, हेही सांगितलं. इथे तर मी हो म्हटल्यासारखंच सगळे वागायला लागलेत. कारकून माझ्याशी खालच्या आवाजात बोलतो, ड्रायव्हर धावत येऊन दार उघडतो, संचालकांच्या बायकोने बंगल्यातले पडदे ठेवून जाऊ का म्हणून विचारलं. आणि तू काय म्हणालास? 'छान. घे.' संपलं. त्या जळक्या मोटरबद्दल तू याच्यापेक्षा जास्त बोलला होतास.

परवा कॉलेजची नवी मुलं प्रक्षेत्र बघायला आली होती. दर वर्षी येतात आणि दर वर्षी पहिलं व्याख्यान माझ्या गळ्यात पडतं, कारण मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेती आणि कृषिविद्या यांत फरक काय? एकच तर आहे ना दोन्ही? माझं उत्तरही ठरलेलं आहे. मी सांगते, शेती म्हणजे आख्खा संसार. त्यात पीक आहे, जनावर आहे, विहीर आहे, बाजार आहे, बांधावरून भांडणारा शेजारी आहे, बिघडलेली मोटर आहे आणि दुरुस्त करतो म्हणून ती घेऊन जाऊन तोंड न दाखवणारा मिस्त्रीही आहे. कृषिविद्या म्हणजे या संसारातली एकच खोली. माती आणि पीक यांचं आपसात कसं जमतं, एवढंच ती बघते. केव्हा पेरायचं, किती अंतरावर, किती पाण्यावर, किती खतावर. ताप किती आहे ते डॉक्टर सांगतो, पण उशाशी बसतं ते घरचं माणूस. इथे मुलं हसतात आणि हे शेवटचं वाक्य तेवढं लिहून घेतात.

या वेळी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. वेणीचं टोक चावत बसली होती, मला वाटलं हिचं लक्षच नाही. म्हणाली, "मग मॅडम, तुम्ही शेती का नाही करत?" मी म्हटलं, आमच्या घरी करतात. 'आमच्या घरी' हे माझ्याच तोंडून ऐकून मला इतकं कसंनुसं झालं म्हणून सांगू! तिकडे तू एकटा डाळ-भात रांधून उभ्याउभ्या जेवत असशील आणि इथे मी आमच्या घरी, आमच्या घरी करतेय. मुलांना पाणी प्यायला सोडलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तेव्हा मला आपली दुसऱ्या वर्षाची कापणी आठवली. तुलाही आठवत असणार, तू कितीही नाही म्हण. कोणतंही शेत दिसलं की सर बोलायच्या आत वाकून ढेकूळ उचलायचं, चुरगाळायचं आणि नाकाला लावायचं, म्हणून सगळ्या वर्गाने तुला ढेकळ्या केलं होतं. मी सदान्‌कदा मोजणीची दोरी हातात घेऊन फिरायची म्हणून तू मला दोरीवाली केलंस. तर त्या दिवशी सरांनी घसा कोरडा करून सांगितलं होतं की कडेच्या ओळी सोडायच्या आणि मधलाच चौकोन कापायचा. कडेच्या रोपांना ऊन-वारा जास्त मिळतो, ती उगाच फोफावतात आणि आकडा फुगतो. सगळ्यांना कळलं. तुलाही कळलं होतं, तू काही बावळट नव्हतास. पण मी चिठ्ठ्या लिहीत बसले आणि तू कडेचा सगळा गहू कापून नमुन्यात मिसळून टाकलास. का, तर एवढ्या भरलेल्या ओंब्या मागे टाकून यायला जिवावर आलं! आपल्या गटाचा आख्खा नमुना फुकट गेला, सरांनी सगळ्यांसमोर आपली बिनपाण्याने केली आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. बरेच दिवस टाकलं. तेवढ्या दिवसांत माझा जो जीव खालीवर झाला, त्यावरूनच मला काय ते कळून चुकलं. पुढे तुझे वडील अंथरुणाला खिळले आणि तू शिक्षण अर्ध्यावर सोडून शेतावर गेलास. मी शिकत राहिले, पण सुट्टी लागली की माझी गाडी आपोआप तुमच्याकडे वळायची.

हे वेड तुमच्या घराण्यातच आहे, हे मला लग्नानंतर समजलं. विहिरीच्या वरच्या अंगाचा पट्टा तू मला देऊन टाकलास, कर इथे काय करायचं ते, म्हणालास. मी दोऱ्या लावून चार वाफे पाडले. एकाला शेणखत, एकाला युरिया, एकाला दोन्ही अर्धं अर्धं, आणि चौथ्याला काहीच नाही. काहीच न दिलेला वाफा शेजारी नसेल तर बाकीच्यांना दिलेल्याचा उपयोग झाला की नाही ते कळणार कसं? गहू हातभर झाला, चौथा वाफा पिवळा पडायला लागला, माझा जीव भांड्यात पडला आणि मी आठवडाभर माहेरी गेले. परत येऊन बघते तर चौथा वाफा हिरवागार. आईंनी पाट्या भरभरून शेणखत नेऊन ओतलं होतं, वर विहिरीचं पाणी दिलं होतं. मी तिथेच मटकन बसले आणि भोकाड पसरलं. आईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "तिघांना पोटभर वाढायचं आणि चौथ्याला दारात उपाशी बसवायचं, हे माझ्याच्यानं नाही बघवत." तू तोंड फिरवून उभा होतास. तुझे खांदे हलत होते, मला दिसत होतं बरं का!

पण आई आई होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर पुढच्या हंगामात त्यांनीच त्या वाफ्याची राखण केली. शेळी वळू दिली नाही की कोणाला मूठभर खत टाकू दिलं नाही. उपाशी वाफा हे नावही त्यांचंच. फक्त त्याच्या जवळून जाताना त्या तोंड दुसरीकडे करायच्या. आणि अर्ध्या अर्ध्या खताचा गहू पुरत्या खताच्या तोडीस तोड निघाला तेव्हा आमच्या सुनेने शोधून काढलं म्हणून साऱ्या शेजारात सांगत फिरल्या. माझ्या प्रबंधाचं कौतुक मोठमोठ्या लोकांनी केलं असेल, पण त्या फेरीची सर कशालाच आली नाही.

मग ही नोकरी आली. तेव्हाही तू 'घे' म्हणालास. मी म्हटलं, दर शनिवारी येईन. पण पिकाला शनिवार कळत नाही. कधी फुलोऱ्याच्या नोंदी, कधी कापणी, कधी वरचे साहेब पाहणीला. शनिवारचे महिने झाले आणि महिन्यांचे हंगाम झाले. एकदा तुलाच म्हटलं, निदान तू इथे राहून बघ. आलास बिचारा. दुसऱ्याच दिवशी माझ्या क्वार्टरसमोरची फुलझाडं उपटून तिथे घेवडा लावलास. ती फुलझाडं संचालकांच्या बायकोने स्वतःच्या हाताने लावलेली होती! तिचा घुस्सा अजून उतरलेला नाही, घेवड्याच्या शेंगा मात्र तिने नेल्या. आठवडा झाला नाही तर गाय खात नाही असा निरोप आला म्हणून तू निघालास. गाय व्यवस्थित खात होती रे. खात नव्हतास तो तू. मला तेव्हाच दिसलं होतं की तुला इथे उपटून लावता येणार नाही, म्हणून मीही अडवलं नाही.

आता जे सांगणार आहे ते मी मागच्या थंडीपासून मनात ठेवलंय. आई गेल्या, मी आले. भेटायला येणाऱ्यांची रीघ संपली, घर एकदम मोकळं पडलं आणि मी तुझ्याशेजारी पायरीवर बसले. आईंची काठी कोपऱ्यात उभी होती, तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. मला वाटलं, आता तू बोलशील. आता तरी म्हणशील, थांब. आणि तू म्हणालास, "तुझी पेरणी खोळंबली असेल. सकाळची गाडी मिळेल तुला." मला इतका राग आला, इतका राग आला, की मी उठून सरळ पिशवी भरली. सकाळी बसपर्यंत सोडायला आलास, खिडकीतून पाण्याची बाटली दिलीस आणि गाडी हलेपर्यंत मागच्या टायरकडे बघत उभा राहिलास. काय होतं रे एवढं त्या टायरमध्ये? मी वळून वळून बघत होते. तू एकदा मान वर केली असतीस तर मी चालत्या गाडीतून उतरले असते, देवाशपथ.

तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. याला माझी गरजच नाही, असं ठरवूनसुद्धा टाकलं होतं. ज्याला गरज असते तो बोलतो. तू तर घरच्यासारखा माझ्या पेरणीची काळजी करतोस आणि परक्यासारखा गाडीचं वेळापत्रक सांगतोस. अशा माणसासाठी बंगला कशाला सोडायचा, म्हणून मीही पडद्यांचा रंग बघायला लागले होते.

आणि या सोमवारी तुझी ताई आली. इकडच्या मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवायला आली होती, म्हणून माझ्याकडे उतरली. डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं काही दिसत नव्हतं, पण तोंड नेहमीसारखं चालू. माझ्या क्वार्टरमध्ये इन मीन दोन ताटं आहेत यावरून मला बोलून झालं, मनगट चाचपून मी वाळलेय यावरून बोलून झालं, आणि मग तिने तुझा विषय काढला. म्हणाली, त्याच्याकडे जरा लक्ष दे बाई, त्याचं काही खरं नाही. मी घाबरलेच. काय झालं म्हटलं, तर सांगायला लागली. विहिरीवरच्या पट्ट्यात तू दोऱ्या बांधल्यायस. चार वाफे पाडलेयस, मधे वाटा सोडल्यायस, खुंट्या ठोकल्यायस. तीन वाफे हिरवे आहेत आणि एक पिवळा पडलाय. शेणखताचा ढीग शेजारी पडून आहे, तरी त्याला काही घालत नाहीस. तिने विचारलं, याने काय घोडं मारलंय तुझं? तर तू म्हणालास, "तो तसाच ठेवायचा असतो." आणि तोंड दुसरीकडे करून निघून गेलास. ताईने मला अगदी हळू आवाजात विचारलं, एकट्याने राहून त्याच्या डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना गं?

मी आधी हसले. मग चहाचं निमित्त करून आत गेले आणि नळ सोडून हमसून हमसून रडले. ताईला दिसत नव्हतं ते एक बरं. अरे माणसा, कडेचा गहूसुद्धा मागे टाकवला नाही तुला, आणि तू चांगलं पीक डोळ्यांदेखत पिवळं पडू देतोस? कोणासाठी? त्या आकड्यांचं तू काय लोणचं घालणार आहेस? मोटरचं सांगतोस, अळीचं सांगतोस, आणि एवढं एक सांगत नाहीस. पेरणीपासून किती रविवार गेले असतील! त्या प्रत्येक रविवारी ते वाफे तुला समोर दिसत असणार आणि तू मला गायीचं सांगत राहिलास.

मला तुझी आठवण येते. मोठी कारणं नाहीत तिला. तू दारात उभा राहून चहा पितोस आणि रिकामा कप खिडकीत विसरतोस, त्याची येते. शर्टाला डिझेल आणि ओल्या मातीचा वास येतो, त्याची येते. इथे संध्याकाळी सगळे गेले की मी वाफ्यांमधून एकटीच फिरते आणि एखादं ढेकूळ उचलून बघते. नुसती माती असते. कोणाला दाखवू? आणि नोकरीला कंटाळून हे लिहितेय असं मुळीच समजू नकोस. मला माझं काम जिवापाड आवडतं. त्या खुर्चीवर बसलं की मात्र ते सुटणारच आहे, तिथे बसून नुसत्या सह्या करायच्या असतात. शेतकऱ्यांच्या शेतावर जाऊन प्रयोग घेणारा एक विभाग आहे आमचा. आपल्या भागात त्यांना माणूस मिळत नाही, कारण तिथे राहायला कोणी तयार नाही. काल मी फोन करून विचारलं. तिथले साहेब थक्क झाले. बंगला सोडून चिखलात जाता का म्हणाले. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही, एका माणसाला विचारायचं आहे.

तर त्यासाठी हे पत्र. इतकी पानं मी तुझ्याशी भांडले की तू कधी ये म्हणत नाहीस, आणि लिहिता लिहिता मनात आलं, त्यानेच म्हणायचं आणि मग मी जायचं, असं ठरवलं कोणी? मला काय तोंड नाही? पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल आणि सोमवारी मला कळवायचं आहे. रविवारी मी बोलेन तेव्हा वाऱ्यात अर्धे शब्द उडून जातील, म्हणून आधीच लिहून ठेवते. मी घरी येऊ का? चार दिवसांसाठी नाही, राहायला. आता लगेच माझ्या भल्याचा विचार करायला बसू नकोस, तो करायला मी समर्थ आहे. 'तुझं तू बघ' म्हणू नकोस आणि 'छान' तर अजिबात म्हणू नकोस. नको असेन तर नको म्हण, मी ऐकून घेईन. पण हो म्हणणार असशील तर मला बरं वाटावं म्हणून म्हणू नकोस. तुला मी हवी आहे म्हणून म्हण.

तुझीच,
दोरीवाली